जुनी आवृत्ती

ड्युलूथच्या वाचनालयाचं तळघर.
दानात आलेल्या पुस्तकांचं टेबल, पन्नास सेंटला एक.
मी हातमोजे काढले, चष्मा पुसला.
बाहेर उणे एकोणीस. सरोवरावरचा वारा
टेकडी चढताना दमत नाही,
मी दमतो.

परीक्षा मार्चमध्ये.
शाळेत नवी यंत्रणा येणार, जमिनीच्या पोटातून ऊब ओढणारी,
आणि माझा बॉयलर, एकसष्ट सालचा, डाव्या अंगानं खोकणारा,
भंगारात.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, कांगास, हरित इमारतीचा कागद हवा हातात,
नाहीतर कंत्राटदार स्वतःचा माणूस बसवेल.
कागद!
चौतीस हिवाळे मी त्याच्या पोटाला कान लावून काढले,
त्याचा कुठे कागद मिळतो?

सिग्नेनं फोनमध्ये ॲप घालून दिलंय.
महिना एकोणतीस डॉलर, प्रश्न सहाशे,
उत्तर बरोबर आलं की पडद्यावर हिरवं पान फडफडतं.
पहिल्या रात्री माझी तीन पानं फडफडली.
झाड व्हायला वेळ आहे.
"बाबा, पुस्तक नवंच घ्या, नियम बदलतात."
नव्याची किंमत म्हणजे पिकअपचे दोन टायर,
तेही बर्फातले.

टेबलावर त्या विषयाची दोनच होती.
एक चकचकीत: काचेचा मनोरा, गच्चीवर झाडं,
कुठल्याच खिडकीत माणूस नाही.
दुसरं दोन आवृत्त्या मागचं, कणा उसवलेला,
कुणीतरी पिवळ्या शाईनं ओळी रंगवलेल्या,
पहिल्या प्रकरणात जवळजवळ सगळ्याच,
दुसऱ्यात निवडून,
चौथ्यात एक. अर्धी.
पुढे कोरं.
बाळ झालं असेल, किंवा नोकरी सुटली असेल,
किंवा नुसताच आला असेल कंटाळा.

त्या कोऱ्यात मग एक पेन्सिल घुसलेली.
हात वेगळा, दाबून लिहिणारा.
नैसर्गिक उजेडाच्या पानावर: "डिसेंबरात ये इथं, साडेचारला."
जवळपासच्या साहित्याच्या पानावर नुसतं: "हं."
मला माझ्या बापाची सौना आठवली,
पडलेल्या कोठाराच्या फळ्यांतून उभी केलेली,
दार दक्षिणेला, खिळेसुद्धा सरळ करून पुन्हा वापरलेले.
हरित वगैरे काही नाही, पैसे नव्हते.
आणि फटी अशा, की निम्मी वाफ शेजारच्या हायकिलांकडे जायची.
या पुस्तकानं त्याला फळ्यांचे गुण दिले असते
आणि फटींसाठी नापास केला असता.
बरोबरच केलं असतं.

सराव प्रश्न एकशे बारा.
इमारत आखण्याच्या पहिल्या बैठकीला कुणाला बोलवावं?
मालक. वास्तुविशारद. अभियंता. वरील सर्व.
खाली पेन्सिल, कागद फाटेल इतकी:
"आणि तळघरातला?"

मी चकचकीत पुस्तकात तोच प्रश्न शोधला.
बराच वेळ लागला. सूची बारीक अक्षरात.
तिथं पाच पर्याय होते.
पाचवा: इमारत चालवणारे कर्मचारी.
म्हणजे मधल्या काळात
कुणीतरी कुठल्यातरी बैठकीत हात वर केला होता.

काउंटरवरच्या डोर्थीनं दोन्ही उलटून पाहिली.
"हे जुनं कशाला? आकडे चुकतील तुमचे."
आकडे नव्यातून पाठ करेन, म्हटलं.
"मग हे?"
मी एक डॉलर ठेवला.
सोबतीला, असं म्हणणार होतो,
पण मागे रांग होती.

आता रात्रपाळी. पुस्तकं बॉयलरच्या उजव्या अंगाला,
तिकडे तो खोकत नाही.
पेन्सिलीला टोक केलंय.
पहिली तीन प्रकरणं नंतर बघू.
ती अर्धी पिवळी ओळ जिथं सुटली,
तिथून धरतो.